संकष्टी सांगितली तर गुण शून्य?

इंग्लंडमधल्या मराठी ज्येष्ठांच्या विस्मरणावर प्रबंध करतेयस आणि विचारतेस, एमएमएसई ही स्मरणशक्ती तपासायची चाचणी मराठीत करून घेतली की भागेल ना? नाही भागणार. दुभाष्याचं काम करायचो तेव्हाचं सांगतो.

ऐंशीच्या घरातल्या आजी. नर्सनं तारीख विचारली. आजी ठामपणे म्हणाल्या, "आज संकष्टी." खरोखरच होती, त्यांचा उपास होता. मी तसंच इंग्रजीत सांगितलं, कागदावर शून्य पडलं. पुढच्या खेपेला सूनबाईच दुभाषी. "आई, आज सोळा ना?" मिळाला गुण! हे सूनबाईंनीच मला हसत हसत सांगितलं. दोन्ही वेळचे गुण खोटे.

नुसते शब्द बदलून हे सुटत नाही. १९७५च्या त्या चाचणीत वाक्य वाचायचं, लिहायचं, शंभरातून सात-सात वजा करत जायचं. चौथीत शाळा सुटलेल्या बाईची त्यात स्मरणशक्ती कमी आणि शाळाच जास्त मोजली जाते. हरियाणात बल्लभगडला नव्वदच्या दशकात हिंदी आवृत्ती वापरली, तेव्हा निरक्षरांसाठी प्रश्नच बदलले. 'डोळे मिटा' वाचायला देण्याऐवजी 'मी करतो तसं करा'.

तू त्याऐवजी रुडास ही चाचणी बघ. सिडनीत बहुभाषिक स्थलांतरितांसाठीच तयार झाली, २००४ साली प्रसिद्ध झाली. ३० गुणांची, आणि फुकट (एमएमएसईला परवाना लागतो). त्यात वाणसामानाची यादी लक्षात ठेवायची: चहा, तेल, अंडी, साबण. अंड्यांवर एखादी आजी नाक मुरडेल, पण म्हणून विसरणार नाही!

आणि 'साउथ एशियन' या एकाच गोणीत सगळ्यांना कोंबू नकोस. लंडनच्या साउथॉल आणि ब्रेंटमध्ये १९८८पासून सुरू झालेला साब्रे अभ्यास मधुमेह-हृदयविकारासाठी मोलाचा, पण त्यातले दक्षिण आशियाई बहुतेक पंजाबी. तुझ्या लेस्टरच्या कितीतरी गुजराती आजी १९७२ला युगांडातून हाकलल्यावर आलेल्या, इथल्या कारखान्यांत राबलेल्या. मला भेटलेल्या मराठी आजी साठी उलटल्यावर मुलाकडे आलेल्या. बसचा नंबरही ठाऊक नसतो.

म्हणूनच नमुना फक्त लंडनच्या महाराष्ट्र मंडळात गोळा करू नकोस. १९३२पासूनची संस्था, लोक प्रेमळ, होकार पटकन मिळतील. पण मंडळाच्या डॉलिस हिलच्या वास्तूपर्यंत जे येतात, त्यांचे गुडघे आणि डोकं दोन्ही शाबूत असतं. तुला हव्यात त्या घरात बसलेल्या. रीतसर संमती घेऊन घरी जा, सुनेशी वेगळं बोल, आणि आजींच्या खोलीत कालनिर्णय टांगलेलं आहे का, तेवढं आधी बघून ठेव.