शेजारच्या देशातून अतिरेकी हल्ले होत असतील, तर तिथे केलेली लष्करी कारवाई ‘स्वसंरक्षण’ ठरते का?

ठरू शकते, पण तसे पटवून देण्याची जबाबदारी कारवाई करणाऱ्या राष्ट्राचीच असते. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील ५१वे कलम सशस्त्र हल्ला झाल्यास स्वसंरक्षणाचा हक्क मान्य करते. हल्लेखोर राष्ट्रच असावे, असे त्यात म्हटलेले नाही, आणि सारा वाद या मौनावरूनच आहे.

१८३७ मध्ये कॅनडातील बंडखोरांना रसद पुरवणारी ‘कॅरोलाइन’ ही आगबोट ब्रिटिश सैनिकांनी नायगारा नदीच्या अमेरिकी काठावरून ओढून काढली, पेटवली आणि धबधब्याच्या दिशेने प्रवाहात सोडून दिली. त्यानंतरच्या ब्रिटन-अमेरिका पत्रव्यवहारातून तातडीची गरज आणि प्रतिकाराचे प्रमाण या कसोट्या रूढ झाल्या. म्हणूनच जुन्या हल्ल्याचा सूड स्वसंरक्षणात बसत नाही.

आपण गोव्यातले लोक अशा चर्चेत १९६१च्या गोवामुक्तीचा दाखला चटकन देतो. तो इथे लागू पडत नाही, कारण सुरक्षा परिषदेत भारताचा मुख्य भर गोवा ही वसाहत असल्यावर होता.

आणखी एक अट फार थोड्यांच्या लक्षात येते, ती म्हणजे अशी कारवाई सुरक्षा परिषदेला ताबडतोब कळवावी लागते. माझ्या मते त्या पत्रातला पुरावा भाषणांपेक्षा कितीतरी बारकाईने वाचला पाहिजे, कारण सीमेच्या दोन्ही बाजूंना घरे असतात.