दूरचा डोंगर चित्रात जवळ का येतो?

प्रश्न : हर्णैच्या किनाऱ्यावर काढलेल्या छायाचित्रांवरून मी जलरंगात चित्रे करते. दूरचे डोंगर निळे रंगवले, तरी ते होड्यांना चिकटल्यासारखे दिसतात. काय करावे?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपला डोंगर निळा असला, तरी तो बहुधा होडीइतकाच गडद आणि तितकाच रेखीव झाला असावा. डोंगर आणि डोळा यांच्यामधली हवा सूर्यप्रकाश विखुरते. किनाऱ्यावर बाष्प व मिठाचे सूक्ष्म कण त्यात भर घालतात, आणि हा प्रकाश डोंगराच्या सावल्यांवर पसरल्यामुळे ऊन-सावलीतला फरक मिटत जातो. म्हणून आधी गडदपणा कमी करावा, कडा मऊ ठेवाव्यात. निळ्याचा विचार त्यानंतर. दूरचे पांढरे शीड तर निळसर न दिसता किंचित पिवळसरच दिसते.

पुळणीवर उभे असताना समुद्राचे क्षितिज जेमतेम साडेचार ते पाच किलोमीटरवर असते, तर त्यामागचा डोंगर कितीतरी दूर असू शकतो. त्यामुळे स्वच्छ हवेत क्षितिजरेषा ठळक आणि डोंगर फिकट, असेही दिसते; ते तसेच रंगवावे.

नागपुरात खरी अडचण कोरड्या हवेची आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, क्षितिजापर्यंत आणेपर्यंत वरचा कागद सुकतो आणि नको तिथे कडक कडा उमटतात. ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) कॉटन कागद दोन्ही बाजूंनी भिजवून काचेवर पसरावा. सकाळी लवकर, किंवा कूलरमुळे दमट झालेल्या खोलीत, पण थेट झोतापासून दूर बसून काम करावे. रंगवलेल्या आकाशाची ओली चमक गेली, की कागद ओलसर असतानाच कोबाल्ट ब्लूमध्ये थोडा लाइट रेड (मातकट लाल रंग) मिसळून डोंगर एकाच वॉशमध्ये टाकावा व पुन्हा त्याला हात लावू नये. जलरंग सुकल्यावर फिकट होतो, म्हणून छटा आधी कागदाच्या तुकड्यावर सुकवून पाहावी. जांभ्याचे खडक मात्र शेवटी, कोरड्या कागदावर, दाट बर्न्ट सिएनाने (तांबूस तपकिरी रंगाने) आणि स्पष्ट कडांनी.

छायाचित्रावर फार विसंबू नये, कारण मोबाइल अनेकदा दूरचे तपशील अधिक ठळक करून दाखवतो. सरावासाठी अंबाझरी तलावाच्या काठावर बसून पैलतीराची झाडे एकाच रंगाच्या तीन छटांत उतरवावीत. पानांचा पोत दाखवण्याचा मोह तिथे आवरता आला, तर हर्णैचा डोंगरही मागे सरकेल.