नागपूरचा लाव्हा वाहिला, पिनाटुबो फुटला, असं का?

सीताबर्डीची टेकडी ज्वालामुखीच्या दगडाची आहे, मग इथे कधीकाळी फिलिपिन्सच्या पिनाटुबोसारखा स्फोट झाला होता का, असं तुम्ही विचारलंय. तसा स्फोट इथे झाला नाही. टेकडीचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून वर आलेला लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्यातलाच हा.

आता फरक कशाने पडतो ते बघू. शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, जितका गरम तितका स्फोट मोठा, हा समज आधी काढून टाका. हवाईतला शांत वाहणारा बेसाल्टी रस ११०० ते १२०० अंश सेल्सिअसचा असतो आणि भयंकर स्फोट करणारा रायोलाइटी रस ७०० ते ८५०च्या आसपास. खरा खेळ वायूंचा आहे. खोलवर दाबाखाली पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड रसात विरघळलेले असतात. रस वर चढला की दाब कमी होतो, बुडबुडे सुटतात आणि फुगत जातात. बेसाल्टमध्ये सिलिका (वाळूतला मुख्य घटक) ५० टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे रस पातळ आणि वायू सहज निसटतो. रायोलाइटमध्ये ती ७० टक्क्यांच्या वर, म्हणून रस घट्ट आणि वायू आतच कोंडतो. पाणी उकळताना बुडबुडे मुकाट्याने वर येतात, घट्ट पिठलं मात्र रटरटून हातावर उडतं, तसंच हे. कोंडलेला वायू शेवटी रसाच्याच चिंधड्या करतो. त्याच चिंधड्या म्हणजे राख आणि प्युमिस नावाचा हलका सच्छिद्र दगड.

पिनाटुबोसारख्या ठिकाणी समुद्राचा तळ दुसऱ्या भूपट्टाखाली, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या दुसऱ्या प्रचंड तुकड्याखाली, सरकतो आणि सोबत पाणीही खाली नेतो. म्हणून तिथला रस वाफेने भरलेला असतो. १५ जून १९९१ रोजी त्याचा राखेचा ढग सुमारे ३५ किलोमीटर उंच गेला.

पण सगळं घट्टपणावर सोपवू नका. हवाईयन (शांत वाहणारा), स्ट्रॉम्बोलियन (छोटे छोटे स्फोट करणारा), प्लिनियन (राखेचा उंच ढग उडवणारा) हे प्रकार त्या-त्या उद्रेकाचे असतात, एकच पर्वत वेगवेगळ्या वेळी वेगवेगळा वागतो. अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्सचंच बघा. १८ मे १९८० रोजी भूकंपाने त्याची उत्तरेकडची बाजू ढासळली, आतला दाब एकदम सुटला आणि स्फोट आडवा झाला. ५७ माणसं गेली. त्याच विवरात २००४ ते २००८ घट्ट लाव्हा हळूहळू वर ढकलला जात राहिला आणि त्याचा घुमट झाला, कारण बराचसा वायू वाटेतच गळून गेला होता. उलट हवाईचा शांत किलाउएआ १९२४ मध्ये कित्येक टनांचे दगड फेकत होता. लाव्ह्याची पातळी खाली गेली, भोवतालचं पाणी तापलेल्या खडकाला भिडलं आणि वाफेने लाव्ह्याचा मार्ग फोडला.

आणि कृपया, वाहणारा उद्रेक म्हणजे निरुपद्रवी असं समजू नका. आइसलँडमध्ये १७८३ साली लाकीची सुमारे २७ किलोमीटरची भेग आठ महिने वाहत होती. तिच्या विषारी वायूंनी गुरं मेली, दुष्काळ पडला, देशातली जवळपास पाचवा हिस्सा माणसं गेली. आपल्याकडचे उद्रेक त्याहून कितीतरी मोठे होते.

पुरावे इथेच आहेत. सेमिनरी हिल्सकडे किंवा पश्चिमेच्या खाणींत सच्छिद्र दगड दिसला तर नीट बघा. निसटू पाहणाऱ्या वायूचे बुडबुडे थंड होताना तिथेच अडकले, आणि पुढे काही पोकळ्यांत पांढरी खनिजं भरली. टाकळीला दोन लाव्ह्यांच्या मधल्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख सापडले. ज्यांच्या नावाने आपलं हिस्लॉप कॉलेज आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत १८५५ मध्ये इथल्या भूगर्भावर आणि जीवाश्मांवर लिहिलं होतं. म्हणजे एक लाव्हा थिजल्यावर तळी साचून जीव नांदण्याइतका निवांतपणा मिळे, मग पुढचा लाव्हा येई.

पुन्हा होईल का, तर नागपुरात नाही. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते हा लाव्हा पुरवणारा तप्तबिंदू, म्हणजे खोलवरून उष्ण खडक वर येण्याची जागा, आता हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. आपला भूपट्ट उत्तरेकडे सरकला, आणि तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही अधूनमधून असाच पातळ बेसाल्ट ओततो.