विखुरलेल्या राज्यांतून रशिया कसा उभा राहिला?

प्रश्न : पंधराव्या शतकात चौल बंदरात उतरून जुन्नर आणि बिदरपर्यंत गेलेल्या अफानासी निकितिनला आपण ‘रशियन व्यापारी’ म्हणतो. रेवदंड्याला त्याचे स्मारकही आहे. परंतु तो त्वेरचा होता आणि त्वेर तेव्हा मॉस्कोहून वेगळे राज्य होते, असे वाचनात आले. मग रशिया एकसंध केव्हा झाला आणि त्यात मॉस्कोच पुढे का गेले?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : आपण वाचले ते बरोबर आहे. निकितिन प्रवासाला निघाला तेव्हा त्वेरवर मिखाईल बोरिसोविच राज्य करीत होता. 1485 मध्ये मॉस्कोच्या फौजेचा वेढा पडल्यावर हाच मिखाईल लिथुआनियात पळून गेला आणि त्वेरचे स्वतंत्र अस्तित्व संपले.

मॉस्कोच्या उत्कर्षाचे मूळ मंगोलांच्या अमलात आहे. 1237 ते 1240 या काळातील स्वाऱ्यांनंतर रशियन राजे ‘गोल्डन हॉर्ड’ या मंगोल राज्याचे मांडलिक झाले आणि त्यांच्यापैकी महाराजा कोणी व्हायचे, हे व्होल्गाकाठच्या सराई येथील खानाच्या सनदेवर ठरू लागले. 1327 मध्ये त्वेरच्या लोकांनी उठाव करून खानाच्या दूताला मारले, तेव्हा मॉस्कोचा इव्हान कलिता खानाचे सैन्य घेऊन त्वेरवर चालून गेला. पुढे महाराजपदाबरोबर इतर राज्यांची खंडणी गोळा करून सराईला पोहोचवण्याचे कामही त्याच्याकडे आले. त्यातून मॉस्कोची तिजोरी भरली, गावे आणि परगणे विकत घेता आले. शिवाय ऑर्थोडॉक्स चर्चचा प्रमुख धर्मगुरू याच सुमारास मॉस्कोत राहू लागल्याने या सत्तेला धर्माचे पाठबळ मिळाले. एकीकरणाचा पाया पराक्रमापेक्षा परक्या सत्तेच्या चाकरीत घातला गेला, हे मान्य केल्याशिवाय पुढचा इतिहास समजत नाही.

1380 मध्ये कुलिकोवोच्या रणांगणावर मॉस्कोचा राजा दिमित्री दोन्स्कोय याने गोल्डन हॉर्डचा सेनापती ममाई याचा पराभव केला, पण दोनच वर्षांत तेथील खान तोख्तामिश याने मॉस्को जाळले आणि खंडणी पुन्हा सुरू झाली. त्यानंतर 1425 पासून सुमारे पाव शतक मॉस्कोच्या घराण्यातच वारसाहक्कावरून चुलते-पुतण्यांचे आणि चुलतभावांचे युद्ध चालले. या युद्धात मॉस्कोचा महाराजा दुसरा वासिली याने एका चुलतभावाचे डोळे काढवले, आणि 1446 मध्ये दुसऱ्या चुलतभावाने त्याचेच डोळे काढले. अखेर आंधळा वासिली जिंकला. गादी भावाकडे न जाता मुलाकडे जाईल, हे त्या रक्तपातातून पक्के झाले आणि 1462 मध्ये त्याचा मुलगा तिसरा इव्हान निर्विवाद वारस म्हणून सत्तेवर आला.

या इव्हानची सर्वांत निर्णायक कृती, माझ्या मते, नोव्हगोरोद जिंकणे ही होय. उत्तरेत श्वेत समुद्रापर्यंत पसरलेले आणि फरच्या व्यापारावर श्रीमंत झालेले हे नगरराज्य आपला कारभारी नगरसभेत निवडी आणि राजाला करार करून बोलावी. मॉस्कोच्या धाकाने तेथील एका गटाने लिथुआनियाचा राज्यकर्ता काझिमिर याच्याकडे संधान बांधले. काझिमिर कॅथलिक असल्याने हा धर्मद्रोह आहे, असे म्हणण्याची संधी इव्हानला मिळाली. जुलै 1471 मध्ये शेलोन नदीकाठी नोव्हगोरोदच्या सैन्याची धूळधाण उडाली. जानेवारी 1478 मध्ये शहर शरण आले, तेव्हा इव्हानने नगरसभा आणि निवडून दिलेला कारभारी ही दोन्ही रद्द केली आणि सभेला लोकांना बोलावणारी घंटा उतरवून मॉस्कोला नेली. पुढील दशकात तेथील मोठ्या जमीनदारांना मॉस्कोच्या मुलुखात हलवण्यात आले आणि त्यांच्या जमिनी लष्करी चाकरीच्या अटीवर इव्हानच्या माणसांना वाटण्यात आल्या. आपल्याकडील सरंजामाशी मिळत्याजुळत्या या व्यवस्थेतून राजावर सर्वस्वी अवलंबून असलेले घोडदळ उभे राहिले. रशियाचे ऐक्य यामुळे बळकट झाले हे खरे, पण रशियन भूमीत लोकांच्या सभेने राज्य चालवण्याची जी एक समर्थ परंपरा होती, तिचा त्यात बळी गेला आणि ही हानी फार मोठी होती.

1497 मध्ये साऱ्या राज्याला एकच कायदेसंहिता मिळाली. उरलेली प्स्कोव्ह आणि रियाझान ही राज्ये इव्हानचा मुलगा तिसरा वासिली याने 1510 आणि 1521 मध्ये सामील केली.

प्रश्न : 1480 मध्ये उग्रा नदीवर मोठी लढाई झालीच नाही, तर मग मंगोलांचे जोखड उतरले कसे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तिसऱ्या इव्हानने खंडणी आधीच थांबवली होती, म्हणून गोल्डन हॉर्डच्या वारस सत्तेचा खान अहमद चालून आला. ऑक्टोबरमध्ये उतारांवरून नदी ओलांडण्याचे त्याचे प्रयत्न मॉस्कोच्या सैन्याने हाणून पाडले. तो काझिमिरच्या मदतीची वाट पाहत राहिला, परंतु इव्हानचा मित्र असलेल्या क्रिमियाच्या खानाने काझिमिरच्याच मुलुखावर स्वारी केल्याने ती मदत आली नाही. नोव्हेंबरच्या थंडीत अहमद माघारी फिरला आणि 1481 च्या आरंभी प्रतिस्पर्ध्यांच्या हातून मारला गेला. त्यानंतर मॉस्को कोणाचेही मांडलिक राहिले नाही. मात्र तातार सत्तांना, म्हणजे गोल्डन हॉर्डमधून फुटून निघालेल्या राज्यांना, पैसे देणे लगेच थांबले नाही. इव्हानच्या मृत्युपत्रातही क्रिमिया, आस्त्राखान आणि कझान यांच्यासाठी रकमेची तरतूद आहे.