ताड लावण्याआधी: वाचकांचे प्रश्न

बांधावर ताड लावायचा आहे. नर्सरीतून मोठं रोप आणलं तर चार वर्षं वाचतील का? (देगलूर)

वाचणार नाहीत, उलट रोप हातचं जाईल. ताडाची बी रुजते तेव्हा आधी वर काहीच दिसत नाही. तिच्यातून बोटाएवढा कोंब निघतो आणि सरळ जमिनीत घुसतो, हातभर खोलही जातो. मग त्याच्या टोकाकडून मूळ खाली आणि पान वर. यात कित्येक महिने जातात. तोवर घरातलं कुणीतरी 'बी कुजली वाटतं' म्हणून उकरून बघतं, आणि तिथेच खेळ खलास. इतकं खोल गेलेलं मूळ उपटताना तुटतंच.

म्हणून झाड जिथे हवं तिथेच बी टाका. भाद्रपदाच्या आगेमागे पिकलेली फळं गळतात. गर काढून आठळ्या सुट्या करा, एका फळात बहुतेक वेळा 3 निघतात. चार बोटं मातीखाली पुरा आणि विसरून जा. मांजरा-लेंडीकाठची गाळाची जमीन उत्तम. मुरमाड बांधावरही ताड तग धरतो, फक्त लहानपणी गुरांपासून राखा. फळ मात्र साधारण 12 ते 20 वर्षांनी. मला विचाराल तर ताड नातवासाठीच लावायचा असतो.

आमच्या ओढ्याकाठच्या झाडांना सगळे ताड म्हणतात, पण पानं खजुरासारखी आहेत. (परभणी)

ती शिंदी. ताडाचं पान पंख्यासारखं गोल पसरतं आणि देठाच्या कडेला करवतीसारखे काळे दाते असतात.

झाड दरवर्षी फुलतं, पण एकही ताडगोळा धरत नाही. खत कमी पडतंय का? (उदगीर)

खताचा दोष नाही, झाड नर आहे. ताडात नर आणि मादी झाडं वेगळी. नराला बोटांसारखे लांबट तुरे येतात आणि त्यांवर बारीक फुलं असतात. मादीची फुलं मोठी, गोलसर. फुलण्याआधी दोन्ही सारखीच दिसतात, तेव्हा 'मादीचं रोप' म्हणून जादा पैसे मागणाऱ्याला हात जोडा. आणि नर फुकट जात नाही: नीरा दोन्हींपासून मिळते.

नीरा आणि ताडी एकच का? (बिलोली)

रस एकच, फरक वेळेचा. तुरा सकाळ-संध्याकाळ पातळ छिलतात, खाली मडकं बांधतात. मडक्याला आतून चुना फासला की आंबणं थांबतं, ती नीरा. चुना नसेल तर उन्हं चढेपर्यंत तिची ताडी झालेली असते. नीरा आटवून गूळही करतात. ताडी काढून विकायची तर परवाना लागतो, आणि स्वस्तातली पिऊ नका: नशेसाठी क्लोरल हायड्रेट मिसळल्याचे प्रकार होतात. शिंदीचीही ताडी निघते, पण तिथे शेंड्याजवळ खोड तासतात.

खोडाचे वासे होतील का? (लातूर)

जुन्या झाडाचे होतात. बाहेरचा काळा भाग कठीण असतो, आतला भुसभुशीत गाभा काढून टाकायचा. गाभा कोरून पूर्वी पाण्याचे पाट करत. कोवळं खोड मात्र सरपणालाही धड नाही.

वाळलेली पानं लोंबतात, साफ करावीत का? (किनवट)

करा, पण आधी खालून नीट बघा. ताडपाकोळी पानाच्या खालच्या बाजूला लाळेने घरटं चिकटवते, सुगरणीचे खोपेही टोकांना लटकतात. पिलं असतील तर थांबा. आणि वर चढणाऱ्याला बजावून सांगा, शेंड्याच्या कोंबाला विळा लागता कामा नये. ताडाला वाढीचं टोक ते एकच. तो कापला की बाजूने फुटवा येत नाही, झाड उभ्या उभ्या वाळतं.