डेटाचं झिप बांधून राहिला तर हे वाच

भाऊ, नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्रा भावाचं अ‍ॅप बनवून राहिला नं तू, अन् त्याचा डेटा झिपमध्ये देतो, मग राइट क्लिक करून झिप करणं आधी बंद कर, टर्मिनलवर (जिथं कमांड टाइप करतात ती खिडकी) झिप कमांड वापर. पहिले डेटाच्या फोल्डरच्या आत जा अन् तिथूनच डॅश आर दे (म्हणजे आतल्या फोल्डरांसकट सारं घेते), बाहेरून दिलं तर फोल्डरचं नावही पाथमध्ये, म्हणजे फाइलच्या पत्त्यात, घुसते, मग अ‍ॅप शोधते भाव.जेसन अन् आत असते डेटा/भाव.जेसन, पोरं दिवसभर कोडच तपासत बसतात बे.

दुसरं म्हणजे जुन्याच झिपवर पुन्हा कमांड मारली तर नवीन फाइली आत जातात, बदललेल्या बदलतात, पण तू फोल्डरमधून उडवलेली फाइल आत तशीच पडून राहते! मागच्या हंगामाचे भाव दिसतात ते असेच. म्हणून डॅश एफएस दे (दोन्ही अक्षरं कॅपिटल, झिप फोल्डरशी जुळवून घेते) नाहीतर जुनी झिप डिलीट करूनच नवीन बांध, मले तर दुसरंच बरं वाटते.

जेसन, सीएसव्ही अशा मजकुराच्या फाइली झिपमध्ये मस्त दाबल्या जातात, म्हणजे लहान होतात, पीएनजी अन् एमपी३ आधीच दाबलेल्या असतात, त्याइले डॅश एननं तशाच ठेव. झिपऐवजी टार-जीझेड (फाइली बांधाचा दुसरा प्रकार) घे म्हणणारे भेटतील, बॅकअपले ठीक आहे, पण एक फाइल काढाची तर सुरुवातीपासून उलगडा लागते, झिपच्या शेवटी यादी असते नं, अ‍ॅप सरळ त्या फाइलवर जाते.

पाठवाच्या आधी अनझिप डॅश एल करून यादी बघ, कॅपिटल-स्मॉल अक्षरंही बघ, विंडोजवर चालून जाते, लिनक्सवर फाइलच सापडत नाही.