ताप डोक्यात जाईल का, मॅडम?

मूल तापलं की थर्मामीटर काढणं स्वाभाविक आहे. या आईचं मोजणं मात्र थांबतच नव्हतं. तीन वर्षांच्या मुलाला ताप आला की त्या रात्रभर दर दहा-पंधरा मिनिटांनी काखेत थर्मामीटर लावायच्या. मोबाइलमध्ये आकड्यांची रांग: १०१.२, १०१.६, १०१.४. आकडा थोडा चढला की नवऱ्याला उठवायचं, औषधाची वेळ झाली नसली तरी बाटली हातात घ्यायची. मूल ठणठणीत असतानाही येताजाता कपाळाला हात. त्यांच्या बालरोगतज्ज्ञांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. आल्या त्याच मुळी रागात. "आजारी मुलगा पडतो आणि समुपदेशन माझं?"

मी डॉक्टर नाही. औषधपाण्याचा निर्णय डॉक्टरांचा, हे मी पहिल्यांदाच सांगते. पण मुलांच्या दवाखान्याशी जोडून काम करताना शरीराबद्दल थोडंफार शिकावंच लागतं, कारण भीती बहुतेकदा अर्धवट माहितीवर पोसलेली असते.

भीतीचं मूळ दुसऱ्या भेटीत निघालं. मुलगा दीड वर्षाचा असताना त्याला तापात आकडी आली होती. डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. घरात एकच धावपळ, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी दातांत चमचा घालायला धावलं. दोनेक मिनिटांत सगळं थांबलं. डॉक्टरांनी तपासून काळजीचं कारण नाही म्हणून सांगितलं. पण आईच्या मनात एक वाक्य रुतून बसलं: "मी वेळेवर ताप बघितला असता तर आकडी आली नसती."

अशा वाक्याला नुसता धीर देऊन उपयोग नसतो. त्यांच्या डॉक्टरांनाच मी भेटीत बोलावून घेतलं. त्यांनी सांगितलं, सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरांतल्या दोन ते पाच मुलांना अशी आकडी येते. पुष्कळदा ती ताप चढत असतानाच येते, घरच्यांना ताप कळायच्याही आधी. पॅरासिटामॉल वेळेवर दिल्याने ती टळते असं दिसलेलं नाही, आणि अशा साध्या आकडीने मेंदूला इजा होत नाही. पुन्हा आलीच तर मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांवर गेली तर थेट हॉस्पिटल. आई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ते माझ्या हातात नव्हतंच?" आणि खूप वेळ रडल्या. मी मध्ये बोलले नाही.

त्यानंतर त्यांचा खरा प्रश्न आला. "पण ताप चढतच गेला आणि डोक्यात गेला तर?" हा प्रश्न मला सतत भेटतो. १९८० साली बार्टन श्मिट या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी पालकांच्या या धास्तीला 'फीवर फोबिया' असं नावच दिलं. म्हणजे ही एकट्या आपल्याकडची गोष्ट नाही.

ताप बाहेरून येऊन अंगात शिरत नाही, तो शरीर स्वतः चढवतं. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे, तो गीझरच्या थर्मोस्टॅटसारखा तापमान राखतो. जंतू शिरले की पांढऱ्या पेशी रसायनं सोडतात, त्यांच्यामुळे प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि तो काटा ९८ वरून, समजा, १०२ वर सरकतो. आता शरीराला ९८ म्हणजे थंडी वाटते. म्हणून मूल कुडकुडतं, हातपाय गार पडतात, त्वचेकडचं रक्त आत वळतं. काटा खाली आला की घाम फुटतो. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिन कमी करून काटाच खाली आणतं. या चढलेल्या तापमानात कित्येक जंतूंची वाढ मंदावते, लढणाऱ्या पेशी जास्त तरतरीत होतात. आणि काटा शरीराच्याच ताब्यात असल्यामुळे संसर्गाचा ताप सहसा १०६ च्या पुढे जात नाही.

विदर्भातल्या उन्हाळ्यातला उष्माघात वेगळा. तिथे काटा सरकलेला नसतो, शरीराला उष्णता बाहेरच टाकता येत नाही. मेंदूला धोका होतो तो तिथे. त्यावर पॅरासिटामॉल चालत नाही, अंग तातडीने गार करावं लागतं आणि हॉस्पिटल गाठावं लागतं.

आजीही एकदा आल्या होत्या. गार पाण्याच्या पट्ट्यांबद्दल ऐकून नाराज झाल्या. पण काटा वर असताना अंग बाहेरून गार केलं तर मूल आणखी कुडकुडतं, हे त्यांना पटलं, कारण त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

एवढं समजलं म्हणून हात थर्मामीटरकडे जायचा थांबला असं नाही. मोजलं की क्षणभर हायसं वाटायचं, आणि त्या हायसं वाटण्यामुळेच पुन्हा मोजावंसं वाटायचं. आम्ही ठरवलं: थर्मामीटर कपाटात, मोजायचं ते डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी. मधल्या वेळात छातीत धडधडलं तर काही न करता बसायचं. भीतीची लाटही शरीराचीच, ती आपोआप ओसरते. पहिल्या तापात जमलं नाही. दुसऱ्यात निम्मं जमलं. नवऱ्याने एक पाळी घेतली, याचा उपयोग माझ्या बोलण्यापेक्षा जास्त झाला असावा!

आकड्याऐवजी मुलाकडे बघायला शिकवणं हे खरं काम होतं. पितो का, लघवी होते का, ताप उतरल्यावर खेळतो का, श्वास जोरात चालतो का, हाक मारल्यावर बघतो का, मान ताठ आहे का, अंगावर दाबूनही न जाणारे डाग आहेत का. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र १०० च्या वर ताप गेला की वाट बघायचीच नाही, लगेच डॉक्टर.

पावसाळ्यात त्यांचा फोन आला. मुलाला चार दिवस ताप होता, त्या दिवशी सकाळी उतरला होता. घरचे खूश. पण मुलगा सारखा उलट्या करत होता, पोट दुखतंय म्हणत होता, नुसता पडून होता, आणि ताप नसताना हातपाय गार होते. "मॅडम, थर्मामीटर ९८ दाखवतोय, पण मला हा बरा वाटत नाही. घेऊन निघालेय." डेंग्यू होता. त्यात ताप उतरतो तेव्हाच धोक्याचे दिवस सुरू होऊ शकतात. वेळेवर पोहोचल्यामुळे सलाईनवर भागलं, काही दिवसांत मुलगा घरी आला.